तिरोडकरांचे आजारी कथील

उद्वाहनात, म्हणजे आमच्या इमारतीतील सर्वजण ज्या पेटीला लिफ्ट म्हणतात तिच्यात, एखादा गृहस्थ आपल्या शेजारी उभा राहतो. खिशातून करंगळीएवढ्या जाडीची एक पांढरी कांडी काढतो, ती आपल्या कानापाशी नेतो आणि दोन्ही हातांनी सावकाश वाकवतो. कर्रर्र असा एक बारीक, कुरकुरता, कण्हल्यासारखा आवाज येतो. मग तो गृहस्थ आपल्या चेहऱ्याकडे निरखून पाहतो आणि विचारतो, "ऐकलात? रडता बघा."

अशा प्रसंगी सभासदाने काय करावे, याविषयी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत कोणतीही तरतूद नाही. मी शोधली आहे.

हे गृहस्थ म्हणजे आमच्या बोरिवलीच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणारे रमाकांत तिरोडकर. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. मूळचे ते मालवणकडचे. नोकरी सारी माहुलच्या बाजूला, खाद्यपदार्थांचे डबे तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. लोखंडाच्या पत्र्यावर कथिलाचा थर नीट चढला की नाही, हे तपासणे त्यांचे काम. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि घड्याळ दिले. शाल त्यांनी कोणाला तरी देऊन टाकली आणि घड्याळ बंद पडले. ती कथिलाची कांडी मात्र त्यांनी स्वतः मागून आणली होती. ती अद्याप त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते.

त्या पहिल्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना पत्र दिले. 'विषय : सामाईक उद्वाहनात अन्य सभासदाच्या कानानजीक धातू वाकवून ध्वनी निर्माण करण्याबाबत.' पत्र सौम्य होते. त्यात मी केवळ शांततेच्या हक्काचा, भविष्यातील कारवाईचा आणि खर्चाच्या जबाबदारीचा उल्लेख केला होता.

तिरोडकरांनी मला पत्रपेट्यांपाशी गाठले. चेहरा आनंदाने फुललेला.

"वकीलसाहेब, पत्र मिळालं हां! अक्षर काय सुंदर हो तुमचं. पण एक चूक केलीत. तुम्ही नुसतं 'धातू' लिहिलंत. मुळात काय, ते लिहिलंच नाहीत."

"मुळात काय म्हणजे?"

"मुळात कथील. शुद्ध कथील असलं तरच वाकवताना रडतं. शिसं मिसळलेलं असेल तर गप्प बसतं. तक्रार करायची तर पूर्ण करावी ना माणसानं!"

मी वकील नाही. एका कार्यालयाच्या विधी विभागात आयुष्य काढलेला निवृत्त मनुष्य आहे. ही गोष्ट मी त्यांना लेखी कळवली. त्यांनी मला वकीलसाहेब म्हणणे चालूच ठेवले, आणि त्या पत्राला उत्तरही दिले नाही. हीच त्यांची पद्धत. माझ्या कोणत्याही पत्राला तिरोडकरांनी आजवर लेखी उत्तर दिलेले नाही. भेटले की म्हणतात, "पत्र मिळालं हां. वर या, चहा घेऊ, सांगतो." लेखी पत्राला तोंडी उत्तर देणाऱ्या माणसाच्या घरी चहाला जाणे म्हणजे आपले म्हणणे अर्धे सोडून देणे होय. मी गेलो नाही.

'मुळात काय?' हा तिरोडकरांचा पेटंट प्रश्न. इतरांच्या बोलण्यात 'मुळात' हा शब्द निरर्थक येतो. तिरोडकरांच्या तोंडी त्याला अर्थ असतो : मूलद्रव्य कोणते? तुम्ही त्यांना नवी वस्तू दाखवा, ते किंमत विचारत नाहीत, दुकान विचारत नाहीत. नखाने टिचकी मारतात, कान लावतात आणि विचारतात, "छान आहे. पण मुळात काय?" तळमजल्यावरच्या कामतवहिनींनी हळदीकुंकवाला चांदीच्या म्हणून करंडे वाटले, तेव्हा तिरोडकर त्यांच्या दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, ही जर्मन सिल्व्हर. मुळात तांबं, जस्त आणि निकेल. चांदी औषधालासुद्धा नाही." वहिनींनी त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलणे टाकले होते. शिसपेन्सिलीत शिसे नसते, मुळात असते ते ग्राफाइट, कोळशाचाच भाऊबंद. टिनच्या डब्यात टिन, म्हणजे कथील, नखाएवढे, मुळात सगळे लोखंड. हे ते शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांना सांगत असतात. ॲल्युमिनियमबद्दल त्यांना विशेष आदर आहे. "ओरखडा काढा, लगेच स्वतःची कातडी स्वतः शिवतं. डॉक्टर नको, काही नको. मात्र आंबट लागलं की त्याचाही धीर सुटतो."

एका बाबतीत मात्र मला तिरोडकरांशी सहमत व्हावे लागले, आणि न्यायबुद्धीला स्मरून ते येथे नमूद करतो. संस्थेच्या वार्षिक सभेत पाणी देण्यासाठी सचिव हितेनभाईंनी स्टीलचे भांडे पुढे केले आणि म्हणाले, "काका, तांब्या घ्या." तिरोडकर ताडकन उभे राहिले.

"तांब्या? याच्यात तांबं कुठे आहे? मुळात लोखंड, क्रोमियम, निकेल. आणि नाव तांब्या! हे म्हणजे खोट्या आडनावाने फिरणं झालं!"

सभा हसली. मी हसलो नाही. वस्तूला तिच्यात नसलेल्या घटकाचे नाव देणे ही दिशाभूल आहे, असे मी त्याच सभेत उभे राहून सांगितले. त्या संध्याकाळी तिरोडकर मला दुसऱ्या मजल्यापर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी कांडी काढली. पण माझा चेहरा पाहून पुन्हा खिशात ठेवली.

हे सख्य टिकले नाही. त्याच महिन्यात माझ्या न्हाणीघराच्या छतातून गळती सुरू झाली आणि मी वरच्या मजल्यावरील सभासदांना, संस्थेला, नळजोडणी करणाऱ्याला आणि महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयाला पत्रे लिहिली. तिरोडकरांनी सूचना फलकापाशी, चारचौघांत जाहीर केले, "वकीलसाहेब म्हणजे मुळात सोडियम. पाण्याचं नाव काढलं की पेटलेच! यांना रॉकेलात बुडवून ठेवायला पाहिजे." प्रतिष्ठित नागरिकास धातू संबोधून त्याला ज्वलनशील द्रव्यात बुडवण्याची सूचना करणे ही बदनामी आहे, की धमकी, की दोन्ही, यावर मी सविस्तर पत्र लिहिले. उत्तर नेहमीप्रमाणे तोंडी आले. "पत्र मिळालं हां. फार आवडलं. वर या."

आणि ध्वजवंदनाच्या दिवशीचा तो प्रकार! संस्थेने सँडविच वाटले होते, चंदेरी कागदात गुंडाळलेले. मी घास घेतला. कागदाचा एक तुकडा दाढेखाली आला आणि दाढेपासून थेट कानशिलापर्यंत विजेचा झटका बसला. मी ओरडलो. सर्वजण धावले, पण धावणाऱ्यांत एकटे तिरोडकर आनंदाने धावत होते.

"दाढ भरलेली आहे ना? चांदीची? दाखवा, आ करा!" मी राग बोलून दाखवण्यासाठी तोंड उघडले, तर त्यांनी त्याचा फायदा घेऊन आत पाहिले. "बघा! तिच्यात पारा, चांदी आणि आपलं कथीलसुद्धा. कागदात ॲल्युमिनियम. मध्ये थुंकी. बॅटरी झाली हो वकीलसाहेबांच्या तोंडात! या, या, सगळे बघा!"

"काका, मग मोबाईल चार्ज होईल काय?" हितेनभाईंनी विचारले.

पत्र मी सँडविचवाल्याला लिहिले. तोही उत्तर देणाऱ्यांतला निघाला नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

तिरोडकरांच्या पत्नी कुंदाताई मुलाकडे परदेशी गेल्या, तो मुलूख बर्फाचा. पहिल्या नातवासाठी गेल्या, मग दुसरा नातू झाला. तिरोडकरही एकदा जाऊन आले आणि लवकरच परतले. "ती थंडी आपली नाही," एवढेच म्हणाले. आम्ही सर्वांनी मान डोलावली आणि विषय तिथेच संपला. त्यानंतरच्या दिवाळीत तिरोडकरांनी कल्हई सुरू केली.

कल्हईवाला आमच्या भागात फिरकत नाही, त्यामुळे घरोघरी तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर पडून आहेत, आणि कोणी हौसेने त्यांत आमटी किंवा ताक ठेवलेच तर ते कळकते, म्हणजे हिरवट पडून खाण्याजोगे राहत नाही, ही तिरोडकरांची जुनी खंत. आंबट पदार्थ आणि तांबे यांची गाठ पडू नये म्हणून मध्ये कथील. "दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये बसणारा मूलद्रव्यांतला सज्जन माणूस म्हणजे कथील. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पातळ थर, पण घर राखतो." अशी व्याख्याने देत त्यांनी पंपघराच्या मागे एक शेगडी मांडली. रविवारी सकाळी भांडे चिंचेने घासायचे, निखाऱ्यांवर तापवायचे, त्यात नवसागराची चिमूट टाकायची. मग पांढऱ्या धुराचा लोट उठतो. त्या धुरात कथिलाची कांडी भांड्याला नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायची. काळेकुट्ट भांडे पाहता पाहता आतून आरशासारखे होते. बघ्यांच्या तोंडून 'अरे वा!' निघते आणि तो धूर दुसऱ्या मजल्याच्या सज्जात, माझ्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर येतो.

मी संस्थेला पत्र दिले. सामाईक जागेत उघडा अग्नी, धूर, अनधिकृत धातुकाम. कार्यकारिणीने माझ्या पत्रावर विचार करून तिरोडकरांना रीतसर परवानगीच देऊन टाकली. अट एवढीच, की वाळूची बादली जवळ ठेवावी. ठरावाच्या बाजूने सर्वांनी हात वर केले. हितेनभाईंच्या आईची हंडी त्याच आठवड्यात होऊन आली होती, हा योगायोग मी इतिवृत्तात नोंदवण्याची मागणी केली. ती मागणी नोंदवली गेली नाही.

आणि एका रविवारी मी बाजारातून परतलो, तर माळ्याचे दार उघडे आणि आमच्या सौभाग्यवती सुधा स्टुलावरून खाली उतरत होत्या.

"आईंचं पुरणाचं पातेलं तिरोडकरांकडे दिलं," ती म्हणाली.

माझ्या आईचे ते पितळी पातेले. होळीचे पुरण आणि कटाची आमटी आमच्या घरी पूर्वी त्याच्याखेरीज दुसऱ्या भांड्यात कधी होत नसत. कल्हई उडाल्यापासून ती दोन्ही स्टीलच्या भांड्यात होत होती, आणि दरवर्षी मी त्याविषयी नापसंती व्यक्त करत होतो.

"ज्या माणसाविरुद्ध मी अर्ज केला, त्याला तू भांडं दिलंस?"

"अर्ज तुमचा आहे. पातेलं माझ्या सासूबाईंचं आहे."

"पावती घेतलीस?"

"अहो, कल्हईला दिलंय, गहाण नाही ठेवलं!"

कामाला लागतो एक रविवार. तो गेला, पुढचा गेला, पातेले आले नाही. मी पत्र पाठवले. तिरोडकर जिन्यात भेटून म्हणाले, "पहिला हात बसला. दुसरा हात द्यायला हवा. वर या ना, दाखवतो." मी दुसरे पत्र पाठवले. उत्तर तोंडीच आले : नवसागर ओला निघाला होता. तिसऱ्या पत्रात मी 'बेकायदेशीर ताबा' हा शब्दप्रयोग प्रथमच वापरला आणि त्याखाली रेघ ओढली. त्यावर पहारेकऱ्यामार्फत जो निरोप आला, तो ऐकून मी खुर्चीतून उठलो.

"साहेब, तिरोडकर काकांनी सांगितलंय, कथील आजारी आहे."

तोपर्यंत जानेवारी लागला होता. मी तिरोडकरांना फाटकापाशी गाठून स्पष्टीकरण मागितले. त्यांनी अगदी वैद्यासारखा चेहरा केला.

"खरं सांगतो, वकीलसाहेब. थंडी फार झाली की कथिलाला रोग होतो. पांढरं कथील करडं पडतं, फोड येतात, शेवटी भुकटी होऊन गळून जातं. आणि लागण होते हां! एका ठिकाणी सुरू झालं की शेजारचंही जातं. म्हणून म्हटलं, थंडीत घाईनं पातेलं द्यायला नको. जरा ऊब येऊ दे."

त्या रात्री मी वाचन केले. दुर्दैवाने रोग खरा निघाला. परंतु कथिलाला तो होण्यासाठी जी थंडी लागते, ती बोरिवलीत पडत नाही! मी बसलो आणि आयुष्यातील बहुधा सर्वांत काटेकोर पत्र लिहिले. 'विषय : बोरिवली येथील हवामान व आपल्या कथिलाच्या कथित आजारपणातील विसंगतीबाबत.' त्यात मी लिहिले की, सदर उपनगरात जानेवारीतही मी पंखा लावून झोपतो. की ज्या गारठ्यात कथील खंगते, तेवढा गारठा आपणांस हवा असल्यास आपले कथील शीतकपाटात ठेवावे लागेल, आणि ठेवले असल्यास तो निष्काळजीपणा आपला आहे. की अशा स्थितीत आजारपणाचा बचाव टिकत नाही. सबब पातेले लेखी खुलाशासह परत करावे.

उत्तर आले, "पत्र झकास! वर या."

फेब्रुवारी संपत आला. सुधाने आपली भूमिका स्पष्ट केली. "पुरण शिजेल तर त्या पातेल्यात. नाहीतर यंदा पोळ्या नाहीत."

"हा अन्याय आहे. पातेलं त्याने अडकवलंय, शिक्षा मला?"

"मग जा ना वर! तुम्ही पत्र लिहिता, तो चहाला बोलावतो. तुमच्या दोघांचं लग्न जमवल्यासारखं चाललंय. तीन मजले चढून जायचं आणि पातेलं आणायचं."

मी वर गेलो नाही. मी हितेनभाईंकडे गेलो आणि तिरोडकरांची कल्हईची परवानगी रद्द करावी, असा अर्ज दिला. कारण सबळ होते : सभासदांची भांडी घेऊन ती परत न करणे. हितेनभाईंनी तो शांतपणे वाचला. माणूस व्यापारी आहे, पण त्या दिवशी न्यायाधीशासारखा बोलला.

"काका, कमिटी मान्य करेल. शेगडी उचलायला लावेल, नो प्रॉब्लेम. पण एक विचारतील ना. तुम्ही स्वतः गेलात काय वर? तोंडाने मागितलंत काय? समोरच्या पार्टीला ऐकून घेतलंत काय?"

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्याखेरीज त्याच्याविरुद्ध निर्णय देऊ नये, हे तत्त्व मी आयुष्यभर इतरांना ऐकवले होते. हितेनभाईंनी अर्ज खणात ठेवला. "उद्या सकाळी सांगा. तुम्ही हो म्हणालात की शेगडी बंद."

म्हणून मी गेलो. चहासाठी नव्हे. सुनावणीसाठी.

पाचव्या मजल्यावर तिरोडकरांचे आतले लाकडी दार उघडे होते, बाहेरचे जाळीचे लावलेले. घंटीकडे हात नेला तोच आतून तो आवाज आला. कर्रर्र. मी थांबलो. जाळीतून दिसत होते : तिरोडकर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, पाठमोरे. कांडी त्यांच्या स्वतःच्याच कानाशी होती. त्यांनी ती सरळ केली. पुन्हा वाकवली. घरात दुसरा कोणताही आवाज नव्हता. बोलायला कोणी नव्हते आणि 'ऐकलात?' असे विचारायलाही कोणी नव्हते.

मी घंटी जरूरीपेक्षा जोरात दाबली.

"कोण? अरे! वकीलसाहेब! इले, इले! या, या, आत या!" त्यांची कांडी खिशात गेली, हात पुसले गेले, खुर्ची सरकली, गॅस पेटला. टेबलावर दोन कप उपडे घालून ठेवलेले होते. दोन्ही स्वच्छ, कोरडे.

मी बसलो नाही. उभ्याने सभोवार पाहिले. एका भिंतीला मोठी फळी होती आणि फळीवर भांडी : कामतवहिनींचे तपेले, चौथ्या मजल्यावरच्यांची कढई, कोणाचे सतेले, कोणाची परात. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. प्रत्येक भांडे आतून चंद्रासारखे. मधोमध, सर्वांत चांगल्या जागी, आईचे पातेले होते. मी जवळ जाऊन आत डोकावलो, तर तळात माझाच संतापलेला चेहरा दिसला.

"हे तयार आहे," मी म्हणालो.

"आहे."

"केव्हापासून?"

तिरोडकर साखरेचा डबा शोधू लागले. तो त्यांच्या समोरच होता. "झालं ते... मागेच झालं. पहिल्याच रविवारी. फार छान बसलं कथील. तुमच्या आईंचं पितळ उत्तम आहे हो."

"आणि ही बाकीची? तीही तयार दिसतात. पोचती का करत नाही तुम्ही?"

"पोचवलेली ना सुरुवातीला. दारातून घेतात, थँक्यू म्हणतात, दार लावतात." त्यांनी चहा गाळला. "न्यायला आले की बसतात जरा."

एवढे बोलून त्यांनी पातेले फळीवरून काढले, आतून एकदा फडक्याने पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माझ्यासमोर ठेवले. वाद नाही, सबब नाही. मी तयार करून आणलेले सर्व मुद्दे जागच्या जागी राहिले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि पडद्यावर कुंदाताई आल्या. कानटोपी, जाड स्वेटर. मागच्या खिडकीत सारे पांढरे.

"कोण इलो आज?" त्यांनी विचारले. 'आज' या शब्दावरून हा प्रश्न रोजचा असावा.

"ओळख बघू!" तिरोडकरांनी फोन माझ्याकडे फिरवला. "वकीलसाहेब! पातेलं न्यायला."

"अगो बाय! इले एकदाचे?" त्या इतक्या आनंदल्या, की मला मागे वळून पाहावेसे वाटले, दुसरेच कोणी आले आहे की काय. "नमस्कार हो भाऊजी! तुमची सगळी पत्रं ऐकली मी. हे वाचून दाखवतात. ते थंडीचं पत्र, शीतकपाटाचं, ते तर मी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. सुनेला इंग्लिशमध्ये सांगितलं, ती पण हसून हसून बेजार."

"वहिनी, ते पत्र विनोदी नव्हते."

"तेच तर!" कुंदाताई म्हणाल्या. मग आवाज बदलून नवऱ्याला, "गारठा आहे का हो तिकडे? अंगावर काही घेता ना?"

"छे गं! इथे कुठला गारठा? पंखा चालू आहे बघ."

बोलून गेले, आणि त्यांची नजर माझ्याकडे वळली.

प्रतिपक्षाने, स्वतःच्या तोंडाने, साक्षीदारासमक्ष दिलेली संपूर्ण कबुली! विधी विभागातल्या माझ्या साऱ्या नोकरीत असा क्षण मला लाभला नव्हता. मी कप उचलला आणि चहाकडे पाहत राहिलो. कबुलीची नोंद मी घेतली नाही.

"ऐका ना," कुंदाताई म्हणत होत्या, "होळीला येते म्हटलेलं ना मी... नाही जमत हो. धाकट्याची छाती भरलीय. जरा ऊब आली की बघू."

"बघू, बघू. घाई काय आहे? इथे काय, मी मजेत. माणसं येतायत-जातायत. बघतेस ना?" आणि त्यांनी फोन पुन्हा एकदा माझ्याकडे फिरवला, पुरावा दाखल करावा तसा.

मी मान डोलावली. मला वाटते, मी थोडा हसलोही.

फोन बंद झाला. तिरोडकरांनी तो टेबलावर उपडा ठेवला. मग म्हणाले, "तुमचा चहा निवला. दुसरा ठेवतो."

मी दुसरा चहा घेत नाही. डॉक्टरांनी मना केले आहे. त्या दिवशी घेतला. तो पिताना तिरोडकरांनी मला सांगितले, की कांडी सारखी सारखी वाकवली तर तिचा आवाज बसतो; मग तिला थोडी विश्रांती द्यावी लागते. मी विचारले, "आत्ता दिली आहे का?" ते म्हणाले, "आता मिळेल. तुम्ही बसलात ना." उठताना मी स्वतःच कान पुढे केला. त्यांनी जपून, अगदी थोडीशी वाकवली. रडते खरे. मात्र या वेळी 'ऐकलात?' असे त्यांनी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हितेनभाईंकडून अर्ज मागे घेतला. त्यांनी कारण विचारले. मी सांगितले की अर्जात शुद्धलेखनाची चूक आहे.

होळीला पुरण पातेल्यात शिजले. कटाची आमटी त्याच पातेल्यात उकळली, मुरली, आणि मुळीच कळकली नाही. सुधाने पोळ्यांचा डबा भरून पाचव्या मजल्यावर नेला आणि बराच वेळ खाली आली नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसून पत्र लिहीत होतो. 'विषय : पातेल्याच्या कल्हईतील संभाव्य दोष व पुनर्तपासणीबाबत.' सदर पातेले आपल्याकडे पुन्हा सुपूर्द करीत आहे; दुरुस्तीच्या प्रगतीची पाहणी करण्यासाठी मी दर रविवारी जातीने उपस्थित राहीन; लेखी उत्तराची आवश्यकता नाही.

सुधा माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने पातेले उचलले, खिडकीशी नेले, उजेडात चारी बाजूंनी फिरवले. घासून पुसून ठेवलेले ते पातेले डोळे दिपवत होते.

"अहो, कुठे आहे दोष? एक डाग नाही याला. चांगलं आरशासारखं आहे की!"

डोक्यावर पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, आणि तरीही माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. मी पाकिटावर तिरोडकरांचे नाव लिहिले.

"कथील आजारी पडलंय," मी म्हणालो. "थंडीनं."